लांजेवारकाकांचा फुल स्कॅन

दर बुधवारी दुपारी आमच्या दुकानातली सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मी, आई, शिलाईवाल्या दोघी बाया आणि त्या वेळी जी कोणी गिऱ्हाइकं असतील तीसुद्धा. या हिंदी मुलखातल्या शहरात, छावणीच्या सदर बाजारात आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे, तेव्हा गिऱ्हाइकं बहुतेक लष्करी घरांतली. एकदा एक निवृत्त कर्नलसाहेब नातवाचा स्वेटर घ्यायला आले होते. आयुष्यभर त्यांनी लोकांना ‘पीछे मुड’ म्हटलं असेल, पण त्या दिवशी ते स्वतःच मुकाट्यानं मागे वळले. हुकूमच तसा सुटला होता.

"तोंड फिरवा! पासवर्ड टाकून राहिलो!"

हे आमचे लांजेवारकाका, मूळचे भंडाऱ्याचे. काडीसारखी अंगकाठी, हाफ शर्ट, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा आणि खांद्याला रेक्झिनची काळी बॅग. कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं नदीकाठी ग्वारीघाटावर जाऊन बसतात, नाहीतर नातवंडांना शाळेत सोडतात. काकांनी कॉम्प्युटरची एजन्सी घेतली. दुकानदारांना बिलांचं आणि मालाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायचं आणि त्याच्या राखणीला अँटिव्हायरस बसवून द्यायचा. नेपियर टाउनातले दाताचे डॉक्टर त्यांचं गिऱ्हाईक, बरगीचा खतवाला त्यांचं गिऱ्हाईक. पण विकून मोकळं होणं त्यांना ठाऊकच नाही. एकदा अँटिव्हायरस बसवला की त्या कॉम्प्युटरची काळजी ते घरात लग्नाची मुलगी असल्यासारखी वाहायचे.

आल्याबरोबर रामराम नाही, पाणी नाही, थेट स्क्रीनपुढे. चष्मा नाकावर चढवायचा आणि एकेका चित्रावर बोट ठेवून विचारायचं, "ह्याले कोनं बोलावलं?" मला आठवत नसेल की हे कधी आलं, तर ते गेलंच म्हणून समजा. मी मागवलेलं कॅलेंडर गेलं, माझं हवामान सांगणारं खिडकुलं गेलं. एकदा त्यांनी आईचा पत्त्यांचा खेळ उडवला. आई दुपारी गल्ल्यावर बसून तो खेळायची. त्या दिवशी ती डाव मांडायला बसली, तर स्क्रीनवर पत्ते गायब.

"माझे पत्ते कोनं नेले?" आईनं विचारलं.

"मी काढले. बिनकामाचा प्रोग्राम होता तो, वहिनी. दुकानाच्या कॉम्प्युटरवर त्याचं काय काम?"

"अन् तुमाले कोनं बोलावलं होतं?" आई म्हणाली.

शिलाई मशीन थांबलं. मला वाटलं, संपलं, आता काका बॅग उचलणार. पण काकांनी आईकडे पाहिलं, आणि देवाशप्पथ सांगते, त्यांचा चेहरा खुलला. "वहिनी, तुम्ही कुठल्या?" त्यांनी विचारलं. "अमरावतीकडच्या," आई म्हणाली. "तरीच!" काका म्हणाले, आणि आई जी उसळली ती दुकानाचं शटर पडेपर्यंत बोलतच होती. पत्ते काही परत आले नाहीत, पण भांडण मात्र कायमचं मुक्कामाला आलं.

माणसांनाही काका तसंच तपासतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आम्हाला वाटलं, इतका चोख माणूस आहे, त्यांना दारावर उभं करू. हॉलमध्ये फुकट जेवून जाणारे फार घुसतात. काका सूट घालून दारात उभे राहिले. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मंगलाष्टकांची वेळ झाली आणि नवरदेवाच्या मामांचा पत्ता नाही. शोधाशोध झाली, फोन झाले. मामा छिंदवाड्याहून कधीचे आले होते आणि काकांनी त्यांना बाहेर झाडाखाली बसवून ठेवलं होतं. का, तर त्यांनी आपण नवऱ्याकडचे म्हटलं, पण नवरदेवाचं नाव सांगताना घरातलं लाडाचं नाव सांगितलं. आमचे व्याही लालबुंद. काका मात्र थंडच. "अँटिव्हायरस कधी कधी चांगल्या फाइललेही चोर समजून पकडते," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "म्हनून काय तो काढून टाकाचा असते?" त्यांनी जाऊन मामांची माफी मागितली, पंगतीत त्यांना स्वतःच्या हातानं बालूशाही वाढली, आणि उरलेला वेळ परत दारावर उभे राहिले.

आता कोणी म्हणेल, हा नुसता सनकी माणूस आहे. तर शेजारच्या बूटवाल्यांची गोष्ट सांगायला हवी. त्यांना मेल आला, ‘आपका बिल’. त्यांनी उघडला. दुसऱ्या मिनिटाला सगळ्या फायलींना कुलूप, आणि पैसे भरा तर उघडू म्हणून स्क्रीनवर धमकी. बूटवाले कपाळाला हात लावून दारातच बसले. मालाचा सगळा हिशेब त्यातच होता. काकांना बातमी कळली तसे ते रिक्षा करून आले. बूटवाले कुरकुरत होते तरी काकांनी दर आठवड्याला त्यांच्या हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन ती कपाटात ठेवायला लावली होती. ती काढली, कॉम्प्युटर पुसून कोरा केला, संध्याकाळपर्यंत बसून सगळं परत जागेवर घातलं. बूटवाले सारखे त्यांचे पाय धरायला वाकत होते. काका दिवसभरात त्यांच्याशी फक्त ‘हो जाएगा’ आणि शेवटी ‘हो गया’ एवढंच बोलले. मला तेव्हा जरा नवल वाटलं होतं, कारण आमच्याकडे हाच माणूस क्षणभर गप्प बसायचा नाही.

आमच्याकडे बोलायला त्यांना वेळच तेवढा मिळायचा. त्याचं कारण फुल स्कॅन. अँटिव्हायरसला दोन तऱ्हेनं झडती घेता येते. एक छोटी, चहा संपायच्या आत होणारी. दुसरी पूर्ण, कोपरान् कोपरा तपासणारी. काका नेहमी पूर्ण झडतीच लावायचे. आमचा कॉम्प्युटर बाबांच्या वेळचा. तो घरघर करत दोन-अडीच तास घ्यायचा. तेवढा वेळ बिलं मी हातानं लिहायची आणि काका स्टूल ओढून आईपुढे बसायचे. मग सुरू.

"भंडाऱ्याचे लोक काय, भात खाल्ला का झोपले," आई म्हणायची.

"अन् वऱ्हाडचे? भाकर तोडता तोडता दात गेले तुमचे, तरी तोंड बंद होत नाही."

"आमचे दात मोजाले तुमाले ठेवलं काय?"

विषय कुठलाही चालायचा. कढीत डाळीचे गोळे आधी सोडायचे की उकळी फुटल्यावर, वांग्याच्या भरतात शेंगदाणे घालणारा माणूस भरवशाचा की नाही. आवाज असा चढायचा की गिऱ्हाइकं मला हळूच विचारायची, "सब ठीक है न, दीदी?" मी म्हणायची, सब ठीक है, यांचा बुधवार आहे. आई दर बुधवारी घरून कढी-गोळ्यांचा डबा आणायची, केवळ काकांनी त्याला नावं ठेवावीत म्हणून. आणि काका नावं ठेवत ठेवत डबा चाटूनपुसून साफ करायचे.

आणि मग मी शहाणपणा केला. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि तो म्हातारा कॉम्प्युटर एकेका बिलाला घाम फोडायचा. मी नवीन घेतला, एकदम फास्ट. बुधवारी काका आले, सगळ्यांची तोंडं फिरवली, पासवर्ड टाकला, फुल स्कॅन लावला आणि स्टूल ओढलं. आईनं डबा उघडला. "काय हो लांजेवारभाऊ, आज तर..." एवढंच ती म्हणाली आणि मागून टिंग झालं. स्कॅन पूर्ण. काही सापडलं नाही.

काका उठून स्क्रीनपुढे गेले. वाकून नीट वाचलं. "काहीतरी सुटलं असन," म्हणाले आणि परत लावला. दुसऱ्या खेपेला तो आणखीच लवकर संपला. मी आपली उत्साहात, "पाहिलं का काका, काय स्पीड आहे!" काका म्हणाले, "चांगला आहे बाई. भल्ला चांगला आहे." त्यांनी बॅगेची चेन लावली.

"बसा ना, डबा उघडला मी," आई म्हणाली.

"काम झालं वहिनी. आता बसून काय करू?"

आणि ते गेले. डबा तसाच राहिला.

पुढच्या बुधवारी त्यांचा फोन आला, नवीन कॉम्प्युटरवर सगळं आपोआप होतं, येण्याची गरज नाही, काही अडलं तर सांगा. त्याच्या पुढच्या बुधवारी फोनही नाही. आईनं दोन्ही वेळा कढी-गोळे केले आणि दोन्ही वेळा शिलाईवाल्या बायांनी खाल्ले. त्यांनी काही नावं ठेवली नाहीत, त्यामुळे आई आणखीच चिडली. शेवटी ती म्हणाली, "जा अन् पाहून ये. बरा आहे का नाही तो मानूस."

काका नेपियर टाउनात राहतात. खाली कोचिंग क्लास, वर घर. दार सूनबाईंनी उघडलं. या भाभी सागरकडच्या हिंदी घरातल्या, फार गोड बोलणाऱ्या. काका खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. मला पाहून म्हणाले, "आइए बेटा, बैठिए." मी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतायत! हा माणूस मला ‘पोरी, हट तिकून’ म्हणणारा.

भाभी चहा ठेवायला उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "पापाजी बहुत शांत स्वभाव के हैं, दीदी. घर में तो पता ही नहीं चलता कि हैं."

मला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत. भाभी आत गेल्यावर ते हळू आवाजात मराठीत बोलायला लागले.

"पोरगी चांगली आहे. एक शब्द वाकडा नाही बोलली कधी. पोरगाही चांगला, पण ड्युटीवर राहते बाहेर, अन् त्याले मराठी समजते, बोलता येत नाही. हिंदीत माझं काही अडत नाही बाई. बँक होते, दवाखाना होते, गिऱ्हाईक होते." त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. "पन भांडता येत नाही मले हिंदीत. तुझी काकू होती तोवर सकाळी दात घासल्यापासून आमचं सुरू व्हायचं. ती गेली अन् घरात असं चिडीचूप झालं का... तुझ्या आईसंग दोन तास भांडलो का माझा आठवडा निघून जाये."

मी म्हटलं, "मग या ना काका! स्कॅन गेला खड्ड्यात!"

"बिनकामाचं कोनाच्या दुकानात जाऊन कसं बसू? नाही जमत मले ते."

"आई वाट पाहते तुमची."

"कामाच्या मानसाची वाट पाहते. काम सरलं."

मी खूप समजावलं. हट्टी माणूस, हलायला तयार नाही. माझी अक्कल संपली तेव्हा मी आईला फोन लावला आणि सांगितलं, बरे आहेत, पण काम नाही म्हणून येत नाहीत. "दे त्याइले फोन," आई म्हणाली. मी फोन काकांच्या हातात दिला. आईचा आवाज मला समोर बसून ऐकू येत होता.

"काहो लांजेवारभाऊ! दोन बुधवार माझी कढी वाया घालवली तुम्ही. आहे का काही लाज?"

काका म्हणाले, "वहिनी, त्याले कढी म्हनते काय कोनी? हळदीचं पानी होतं ते."

"हळदीचं पानी? अन् मंग डबा चाटून काहून ठेवत होते?"

"लेकरं उपाशी आहेत जगात, अन्न टाकू नये म्हनून!"

"आले मोठे! भंडाऱ्यात गोळे वळता येते का कोनाले?"

"अबब! गोळे? वहिनी, तुमचा एक गोळा फेकून मारला तर मानूस दवाखान्यात जाईन!"

काका खुर्चीतून उठलेच. मान ताठ, एक हात हवेत, आवाज खाली कोचिंग क्लासपर्यंत. भाभी घाबरून स्वयंपाकघरातून धावत आल्या, हात पिठाचे. "क्या हुआ दीदी? किससे लड़ रहे हैं?"

"मेरी माँ से," मी म्हटलं. "लड़ नहीं रहे भाभी. गप्पें मार रहे हैं."

भाभी दारातच बसल्या. एक शब्द कळत नव्हता त्यांना, तरी ऐकत राहिल्या. काका आता भरतातल्या शेंगदाण्यांवर आले होते. भाभींनी डोळ्यांना पदर लावला, हसल्याही. "मम्मीजी के जाने के बाद," त्या म्हणाल्या, "पहली बार इनकी आवाज़ सुनी है मैंने."

चहा उतू गेला, त्याचा वास आला, पण कोणी उठलं नाही. मग माझा फोन कुंईकुंई करायला लागला, बॅटरी संपत आली होती. मी हात पुढे करणार, तेवढ्यात भाभी उठल्या. पिठाचे हात पदराला पुसले, आतून चार्जर आणला, खिडकीजवळच्या प्लगात खोचला आणि काकांच्या बोलण्यात खंड पडू नये अशा बेतानं दुसरं टोक हळूच फोनला लावून दिलं.