कुलथे भाऊजींचा उपास

इकडे उत्तरेतल्या आमच्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत कुलथे भाऊजी हातोडीशिवाय दिसत नाहीत. नोकरी रुळांचे जोड तपासायची, म्हणून दिसेल त्या वस्तूवर टकटक करून कान लावतात. कलिंगडावर, आमच्या टाकीवर, एकदा ह्यांच्या नव्या सायकलवरही. "जुना जोड आधी बघा, वहिनी," हे पालुपद. सायकलची घंटी तेव्हापासून वाजत नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या आतड्यातली गाठ पोट न फाडता, खालून दुर्बीण घालून तारेच्या फासानं काढली. यंदा ती त्याच जागी पुन्हा आली. पुन्हा तशीच काढायची होती, पण वाढली तर पोट फाडावं लागणार होतं. हे सगळं मला मागाहून कळलं. मला त्यांनी एवढंच सांगितलं, "उद्या उपास आहे, वहिनी."

उपास म्हटल्यावर मी काय करणार? उपासाच्या दिवशी दुपारी साबुदाण्याची खिचडी पाठवली, भरपूर कूट घालून. डबा चाटूनपुसून परत आला.

दुसऱ्या दिवशी भाऊजी इस्पितळातून तडक आमच्या दारात. "वहिनी, दुर्बिणीतून गाठ दिसली नाही. साबुदाणा दिसला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांनी या."

मग कॉलनीभर तेच. सब्जीवाला भैया विचारतो, "बहनजी, सुना है आपने ऑपरेशन रुकवा दिया?" मी, जी चारचौघांत दोन शब्द बोलत नाही. संतापानं माझे कान तापले. त्यात, पंधरा दिवसांत गाठ वाढली तर, ही धाकधूक वेगळीच.

शेवटी हिय्या करून त्यांच्या दारात गेले. "भाऊजी, नुसतं पाणीच प्यायचं होतं, तर मला उपास कशाला सांगितलात?"

"असल्या दुखण्याचं नाव बाईमाणसासमोर कसं काढायचं?"

"आणि सब्जीवाल्यासमोर काढलंत ते? बरं, डबा तरी परत करायचा."

ते हातोडीनं चौकट वाजवत राहिले. मग म्हणाले, "हिला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून उपास म्हटल्यावर कुणी खिचडी पाठवली नव्हती. परत कशी करायची, वहिनी?"

राग होताच. पण निघताना म्हटलं, "पुढच्या वेळी काय चालतं ते डॉक्टरांना विचारून सांगा."

पंधरा दिवसांनी गाठ निघाली, पोट शाबूत राहिलं. आता दर काही महिन्यांनी डॉक्टर तीच जागा बघतात. आदल्या दिवशी मी गाळलेल्या लिंबूपाण्याचा तांब्या तेवढा पाठवते. त्या दिवशी मीही जेवत नाही. ह्यांनी विचारलं, हा कुठला नवा उपास?

"जुनाच आहे," म्हटलं.