मास्तरांच्या मागची गाडी

मदत-दौडीच्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर चिडूनच उठले. तसे ते रोजच चिडून उठत, पण आज निदान कारण होतं. लहान मुलांच्या दवाखान्यासाठी होणाऱ्या या दौडीत मेहुण्याने त्यांचं नाव परस्पर घातलं होतं. वर चार लोकांत म्हणाला होता, "भाऊजींचं पोट आधी पोचेल, भाऊजी मागनं येतील." पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं डिवचल्यावर तो पळणार नाही तर काय करणार?

घोळ पुढेच होता. दमून बसणाऱ्यांना उचलायला दौडीच्या शेवटी मास्तरांचीच शिकवणीची गाडी असणार, आणि ती मास्तरच चालवणार, असं कधीचं ठरलं होतं. आता मास्तर पळायला लागल्यावर गाडी कोण चालवणार? स्कूलमधला दुसरा शिक्षक तापाने आडवा झालेला. राहता राहिली बायको.

बायकोचं नाव निघताच मास्तरांचं डोकं आणखी तापलं. लग्न नवं असताना ते तिला गाडी शिकवायला गेले होते. तिने लाल सिग्नल तोडला आणि मास्तरांनी तिला भर चौकात खाली उतरवलं. 'लाल तोडणाऱ्याला माझ्या गाडीचं चाक नाही, मग तो घरचा का असेना,' अशी पाटीच त्यांनी स्कूलच्या दारावर लावली. बायकोने पुढे परवाना काढला, तोही समोरच्या स्कूलमधून. हे दुःख मास्तरांना आजही पचलेलं नव्हतं.

"आजच्यापुरतं चालव," किल्ली देताना मास्तर गुरगुरले. "नाइलाज आहे म्हणून."

"आणि तुम्हीच दमून गाडीत बसलात तर?"

"बसलो तर चाक कायमचं तुझं. झालं समाधान?"

रागाच्या भरात माणूस काय कबूल करून बसेल, सांगता येत नाही.

दौड सुटली. मास्तर पोट सावरत बरे पळत होते. पहिला चौक आला. रस्ता रहदारीला बंद केलेला, पण सिग्नल बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दिवा लाल झाला आणि मास्तरांचे पाय आपोआप थांबले. मागचे तिघे त्यांच्या पाठीवर येऊन आदळले.

"अहो काका, सरका की!"

"लाल दिसत नाही?" मास्तर खेकसले.

त्यांचाच एक विद्यार्थी शेजारून पळत म्हणाला, "सर, आज रस्ता बंद आहे. आज नाही पाळलं तरी चालतं."

"सिग्नल चालू आहे ना? मग पाळायचा. आणि तू उद्या क्लासला ये, बघतो तुला."

प्रत्येक चौकात हेच झालं. बाळाची ढकलगाडी लोटणारी एक आई पुढे गेली, काठी टेकणारे एक आजोबा पुढे गेले. शेवटी मास्तरांच्या मागे फक्त त्यांची स्वतःची गाडी उरली. मग तर त्यांचा सगळा जीव त्या गाडीच्या आवाजात अडकला.

"क्लचवरचा पाय काढ. वास सुटलाय," ते उलटं पळत ओरडले.

"तुम्ही पुढे बघून पळा."

"दुसरा गिअर टाक."

"तुम्ही जरा जोरात पळा, मग टाकते. या चालीला पहिलाच पुरतोय."

मास्तर संतापाने लाल झाले. दम लागला होता, पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि जगातला एकही माणूस त्यांचं ऐकत नव्हता.

शेवटचा चौक आला. पलीकडे शेवटची रेघ दिसत होती. तिथली कमान उतरवायला माणसं शिडीवर चढली होती. शिडीखाली मेहुणा सरबत पीत उभा होता.

"भाऊजी, बसा गाडीत," तो ओरडला. "उगाच दुखणं अंगावर काढू नका."

आणि दिवा लाल झाला. मास्तर थांबले. शिडीवरच्या माणसाने कमानीची एक दोरी सोडली. मागून बायकोने गाडीचं दार उघडलं आणि शांतपणे विचारलं, "येताय?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लाल दिव्याकडे पाठ... नव्हे, छाती केली आणि सुसाट पळाले. अर्धी कमान डोक्यावर घेऊनच त्यांनी रेघ ओलांडली. आधीच पोचलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्याचं तोंड बघून मास्तरांना सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

मग त्यांनी मागे पाहिलं. मागे गाडी नव्हती.

ती चौकातच उभी होती. पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, चाकं सरळ, मागेपुढे चिटपाखरू नसताना, लाल दिव्यासमोर. मास्तरांनी शिकवलं होतं तशी. टाळ्या हळूहळू थांबल्या. सगळे विद्यार्थी गाडीकडे बघत होते आणि मग मास्तरांकडे. पाटी सगळ्यांना पाठ होती.

दिवा हिरवा झाला. गाडी सावकाश आली आणि मास्तरांपाशी थांबली.

"मी गाडीत बसलो नाही," मास्तर धापा टाकत म्हणाले. "पळून पोचलोय."

"हो की. मी कुठं नाही म्हणतेय?" बायको म्हणाली. "तुमची पैज तुम्ही जिंकलात. पाटीचं काय करायचं तेवढं सांगा."

मास्तरांनी विद्यार्थ्यांकडे पाहिलं. मग वळसा घालून ते शेजारच्या सीटवर जाऊन बसले. गाडी सुटली. शिकवणाऱ्यासाठी त्या बाजूला बसवलेल्या जादा ब्रेककडे त्यांचा पाय नकळत सरकला.

"पाय वर घ्या," बायको समोर बघत म्हणाली.

मास्तरांनी पाय वर घेतला.