सहलीची रंगीत तालीम

सुट्टीत सगळ्यांनी मिळून कुठल्यातरी मोठ्या शहरात चार दिवस जाऊन यावं, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा माझा हेतू अगदी साधा होता. मला थोरलीबरोबर चार दिवस हवे होते.

थोरली म्हणजे आमची मोठी लेक. सुट्टी संपली की ती शिकायला परगावी, वसतिगृहात जाणार. एकदा मुलं वसतिगृहात गेली की घरी पाहुण्यासारखी येतात, असं मला ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी, मी न विचारता, सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. (बायको म्हणते, उतरत होता. जास्तच उतरत होता.) म्हटलं, ती जायच्या आधी एकदा पाचही जणांनी एकत्र हिंडावं, हसावं, फोटो काढावेत. बायको लगेच हो म्हणाली. मधला चिरंजीव सहल कुठे आहे हे ऐकायच्या आधीच हो म्हणाला. धाकटी तर बॅगेत जाऊन बसली. थोरली मात्र फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बघू."

आता 'बघू'चा अर्थ मला कोण सांगणार? सायकलपासून फोनपर्यंत तिने जे जे मागितलं, त्या सगळ्याला मी जन्मभर 'बघू' म्हणत आलोय. माझंच नाणं माझ्याच हातावर आलं होतं.

तिला काय हवंय ते सरळ विचारा की, असं बायको म्हणाली. सरळ विचारणं माणसाच्या स्वभावात तरी हवं ना. मी प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. आग लागली तर काय करायचं, याची तालीम घेणं हे माझं काम. भोंगा वाजतो, मी शिट्टी फुंकतो, सगळे हसत हसत मैदानात येतात, मी डोकी मोजतो, आणि 'तालीम यशस्वी' असं जाहीर करून आम्ही चहाला जातो. मागच्या खेपेला हिशेबनिसांना जखमी म्हणून स्ट्रेचरवर झोपवलं होतं. ते खरोखरच झोपले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठले नाहीत, तरीही तालीम यशस्वीच झाली. (खरी आग एकदाच लागली होती. तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होतो.)

तर सांगायचा मुद्दा, तालीम घेतल्याशिवाय मी कुठलीच गोष्ट करत नाही. आणि या सहलीचं तर प्रकरणच अवघड होतं. थोरलीला काचेशेजारी बसून कॉफी पीत रस्त्याकडे बघायचं होतं आणि कपड्यांच्या दुकानांतून रमतगमत हिंडायचं होतं. मधला दहा वर्षांचा. त्याला इंजिनं, लिफ्ट आणि सरकते जिने सोडून जगात दुसरं काही दिसत नाही. धाकटी पाच वर्षांची, तिला झोपाळे हवे होते, जे आमच्या गल्लीच्या टोकालाही आहेत. तिघांना एका दिवसात बसवणं म्हणजे एका चादरीत तिघांना झोपवण्यासारखं होतं. एकाच्या अंगावर ओढली की दुसऱ्याचे पाय उघडे.

म्हणून मी जाहीर केलं की येत्या रविवारी आपण आपल्याच शहरात सहलीची रंगीत तालीम करायची. बॅगा भरून निघायचं, दिवसभर हिंडायचं आणि आपण परके आहोत, या शहरात पहिल्यांदाच आलोय, असं वागायचं.

बायको म्हणाली, "अहो, सहलीला नुसतं जायचं असतं."

थोरलीने मात्र पहिल्यांदाच मान वर केली. "मी तालमीला येते. पण तालीम फसली, तर खऱ्या सहलीला येणार नाही. मावशीकडे राहीन. चालेल?"

मी तिच्या हातावर हात मारला. बायकोने कपाळावर मारला.

रविवारी निघालो. बॅगांचं वजन खरं हवं, हा आग्रह माझाच. त्यामुळे बायकोने स्वतःच्या बॅगेत उशी घातली आणि माझ्या बॅगेत इस्त्री, मधल्याची गेल्या वर्षीची सगळी पुस्तकं आणि शिवणयंत्राचं पायडल. वजन खरं आहे ना, असं तिने वर विचारलंही.

जिन्यातच वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक भेटले. कुठे निघाली स्वारी, असं त्यांनी कौतुकाने विचारलं. त्यावर धाकटी गंभीरपणे म्हणाली, "आम्ही इथले नाही. आमचं घर खूप लांब आहे." मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. खरं तर मी तेव्हाच हसून सांगून टाकायला हवं होतं. पण नियम म्हणजे नियम. मी नमस्कार केला आणि बसस्टॉप कुठे आहे असं विचारलं. माझ्या डोक्यावर इतकी वर्षं राहणाऱ्या त्या भल्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवून, एकेक वळण सांगत, मला बसस्टॉप समजावला. (संध्याकाळी त्यांनी माझ्या मेव्हण्याला फोन करून, यांच्यावर कामाचा ताण फार आहे का हो, अशी चौकशी केल्याचं नंतर कळलं.)

गल्लीच्या कोपऱ्यावर धाकटीचे पाय दुखायला लागले. ती माझ्या कडेवर आली. बसमध्ये मधल्याला भूक लागली, आणि दुपारसाठी केलेली सँडविचेस चौक यायच्या आत संपली. उतरल्यावर थोरली आमच्यापासून इतकं अंतर ठेवून चालत होती की ती आमच्याबरोबर आहे हे शपथेवर सांगूनही कोणाला पटलं नसतं. तिला जवळ आणण्यासाठी मी खिशातली कारखान्याची शिट्टी काढली आणि फुंकली. एक कुत्रं आलं. दोन अनोळखी आजोबा थांबले. थोरली रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली.

पुढचा मुक्काम वस्तुसंग्रहालय. इथे तिघांनाही काहीतरी आहे, असा माझा हिशेब. रांगेत आमचा नंबर अगदी खिडकीपाशी आला आणि धाकटीला बाथरूमला जायचं झालं. परत येऊन पुन्हा शेपटाला उभे राहिलो. आत मधला प्रत्येक पाटी मोठ्याने वाचू लागला. 'हात लावू नये' ही पाटी त्याने त्या मूर्तीच्या गुडघ्यावर हात ठेवून वाचली. मग त्याला लिफ्ट सापडली. तो लिफ्टने वर गेला की मी जिन्याने वर, आणि मी वर पोचेपर्यंत तो खाली. पायडल माझ्या पाठीवर होतंच.

थोरलीला तेवढ्यात एका मोठ्या खिडकीशी बाक मिळाला होता. बाहेर झाडं, आत सावली, शेजारी कोणी नाही. ती पाय वर घेऊन बसली होती आणि दिवसात पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी गेली होती. शहाण्या बापाने तिथे काय केलं असतं? गप्प बसला असता. मी घड्याळ पाहिलं. खिडकी कार्यक्रमात नव्हती. मी शिट्टी फुंकली.

दगडी दालनात शिट्टी किती घुमते, याची मला कल्पना नव्हती. एक रखवालदार आले. त्यांनी अतिशय अदबीने माझ्या हातातली शिट्टी घेतली, छत्र्या ठेवतात त्या खिडकीत नेऊन ठेवली आणि मला तिचं टोकन आणून दिलं. जाताना परत मिळेल, असं म्हणाले. माझी मान खाली.

थोरली उठून माझ्याजवळ आली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तिथे चार दिवस हे असंच असणार आहे का?"

"छे, छे," मी म्हटलं, "तिथे अजून कितीतरी ठिकाणं आहेत."

लहानपणी बागेतून 'चला आता' म्हणून उचलून आणली की तिचा चेहरा व्हायचा, तसाच झाला होता. मला आतून फार वाईट वाटलं. या पोरीबरोबर चार दिवस हवे म्हणून मी हा सगळा घाट घातला, आणि हातातला एक दिवसही घालवून बसलो होतो. मावशीला आता चादरी धुवायला सांगावं लागणार, हे मला दिसत होतं.

आता कोणीही समंजस माणूस तिथेच थांबला असता. पण कारखान्यात तालीम रेंगाळली की आम्ही एक हुकमी उपाय करतो. ऐन वेळी एखादी दुर्घटना घालायची. कोणीतरी हरवलंय असं म्हटलं की जांभया देणारी माणसंसुद्धा खडबडून जागी होतात. मूल काही हरवता येत नाही. मग उरलं कोण? मी ठरवलं, आपणच हरवायचं. सगळे घाबरतील, एकमेकांचे हात धरतील, मला शोधतील. मी सापडलो की थोरली कदाचित गळ्यातही पडेल. बापाची किंमत तो नसताना कळते, असं म्हणतात. (कोण म्हणतं ते विचारू नका. बहुतेक बापच म्हणत असावेत.)

संग्रहालयाच्या मागे मोठं अंगण आहे. मध्ये कारंजं आणि एका बाजूला लांबच लांब खांबांची ओसरी. सगळे कारंज्याच्या कठड्यावर टेकले तेव्हा मी, पिण्याचं पाणी कुठे मिळतं बघून येतो, असं सांगून सटकलो आणि एका खांबामागे जाऊन उभा राहिलो.

सुरुवातीला काही घडलं नाही. म्हटलं, अजून लक्षात आलं नसेल. बायकोने चपला काढल्या, पाय लांब केले आणि डोळे मिटले. मधल्याने कारंज्याचं पाणी वर कसं जातं असं विचारलं, आणि थोरली त्याला हातवारे करून काहीतरी समजावू लागली. मग तिने धाकटीला पाठीवर घेतलं आणि दोघांना घेऊन कारंज्याभोवती पळू लागली. वाऱ्याने पाण्याचे तुषार अंगावर आले की तिघंही किंचाळत मागे यायची आणि पुन्हा पुढे जायची. थोरली हसत होती. तोंडावर हात न ठेवता, मोठ्याने, पूर्वीसारखी. मग कोणीतरी आइस्क्रीम आणलं. चारच आणली.

मी खांबामागे इस्त्री आणि पायडल घेऊन उभा. थोरलीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, आई तिच्या केसांतून बोटं फिरवत होती, मधला आणि धाकटी तिच्या पायांशी लोळत होती. माझे डोळे भरून आले. मला जे हवं होतं ते हेच होतं, अगदी हेच, आणि मी शिट्टी फुंकून ते दिवसभर पांगवत होतो. पण खरं सांगतो, मनाच्या एका कोपऱ्यात असंही येत होतं की, अरे, निदान कोणी एकाने तरी इकडेतिकडे बघावं.

शेवटी धाकटीनेच विचारलं, "बाबा कुठे गेले?" मी श्वास रोखून धरला.

थोरली मांडीवरून डोकं न उचलता म्हणाली, "त्या तिसऱ्या खांबामागे आहेत. मघापासून पोट दिसतंय."

"बोलावू?"

"नको गं. राहू दे. त्यांनाही जरा खेळू दे."

मी पोट आत ओढलं. त्याबरोबर पाठीवरची बॅग पलीकडून बाहेर आली. मधला हसून हसून कठड्यावरून खाली घसरला.

बायकोने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "मग काय गं, मावशीला फोन करू का?"

थोरलीने खांबाकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, "नको. मी येते. इतकं छान मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. फक्त तिथे असा एखादा खांब असायला हवा."

मी खांबामागेच डोळे पुसले आणि तसाच उभा राहिलो. आता लगेच बाहेर येऊन मिळालेलं हातचं घालवण्याइतका मी मूर्ख नाही. बायकोने नंतर माझ्यासाठी एक आइस्क्रीम पाठवलं, ते मी तिथेच खाल्लं.

तर आम्ही परवा निघतोय. कार्यक्रम असा काही नाही. सकाळी ज्याला जे सुचेल ते. माझ्याकडे एवढंच काम दिलंय, आणि ते मी मनापासून करतोय. काल मी त्या शहराच्या पर्यटन कार्यालयात फोन लावला आणि तिथल्या बाईंना विचारलं की तुमच्याकडे चांगले जाड खांब कुठे आहेत. तुम्ही बांधकाम खात्यातले का, असं त्या म्हणाल्या.

"नाही हो," मी म्हटलं, "तीन मुलांचा बाप आहे."

"अच्छा," बाई म्हणाल्या, "मग जुन्या ग्रंथालयाकडे जा. पण सकाळी लवकर जा. नंतर एकही खांब रिकामा मिळत नाही."