आसेगावच्या उन्हातला ट्रान्झिस्टर

आमच्या आसेगावात माणसाला ताप आला की कपाळाला हात लावून पाहतात, आणि फारच झालं तर मंगरूळपीरला नेतात. थर्मामीटर लावून ताप पाहायचा मान गावात फक्त ट्रान्झिस्टरला होता. तो ताप तायडे सर पाहायचे, वैशाखातल्या दुपारी, घरावरच्या टिनावर चढून. शिडीवर त्यांच्या मागे थर्मामीटर धरून जो इसम घामाघूम उभा असे, तो मी.

तायडे सर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. आम्हा दोघांना राहायला एकाच घराच्या दोन-दोन खोल्या मिळाल्या होत्या. मधली भिंत घरमालकानं टिनापर्यंत नेली नव्हती. वरती हातभर जागा मोकळी होती. त्या मोकळ्या जागेतून सरांचा संसार माझ्याकडे यायचा, आणि मी त्यात कायमचा सापडलो. बहात्तरच्या कोरड्या सालानंतरची ही तीन-चार वर्षं. आजही कोणी ट्रान्झिस्टर म्हटलं की मला आधी थकवा येतो.

ट्रान्झिस्टर म्हणजे आपण खांद्याला अडकवून बातम्या ऐकतो तो डबा नव्हे. त्याच्या पोटात तीन पायांचा, हरभऱ्याएवढा एक दाणा असतो, तो खरा ट्रान्झिस्टर. त्याच्या एका पायात कुजबुज घातली की दुसऱ्या पायातून आरोळी निघते. हे सरांनी मला इतक्या वेळा सांगितलं की एकदा वर्गात संधी शिकवतानाही माझ्या तोंडून तेच निघालं.

हा दाणा जोडणीत बसवायच्या आधी तो कसा वागेल हे सर कागदावर काढायचे. कागदावर दाणा नसायचाच. त्याच्या जागी दोन-तीन रेझिस्टर आणि विजेचा एक छोटा झरा काढलेला असे. याला ते मॉडेल म्हणत. मॉडेलमध्ये आकडे घालायचे, लॉगच्या कोष्टकावरून बोट फिरवायचं आणि आवाज किती वाढेल ते काढायचं. तिथं जमलं तरच तारेला कथलाचा डाग देऊन जोडायचं, नाहीतर नाही. “आधी कागदावर चालू द्या,” हे त्यांचं पालुपद होतं.

हे पालुपद ट्रान्झिस्टरपुरतं राहिलं असतं तर मी तक्रार केली नसती. एकदा त्यांनी शेळी घ्यायचं मनावर घेतलं. शेळी आधी कागदावर चालवली. कागदावर ती तोट्यात गेली, म्हणून घेतली नाही. समोरच्या शेवंताबाईनं तीच शेळी घेतली आणि ती जुळी व्याली. सरांनी पुन्हा कागद काढला आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी भिंतीवरून मला कळवलं, “गावंडे सर, मी शिवारातला फुकटचा पाला धरलाच नव्हता.” मी जेवत होतो. मी बरं म्हटलं.

आता ही सगळी यातायात कशासाठी होती ते सांगायला हवं. वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, छातीचा आजार झाला होता. महिनोन् महिने इंजेक्शनं घ्यावी लागली. इंजेक्शनांनी आजार नेला, पण त्याबरोबर कानही नेले. अगदी ठार बहिऱ्या झाल्या नाहीत, पण कानाशी ओरडल्याशिवाय त्यांना काही कळत नसे. त्यामुळे सर घरात सगळं ओरडून बोलायचे. त्यांच्याकडे आज कशाची भाजी आहे हे गल्लीला चुलीवर कढई चढण्याआधीच माहीत व्हायचं. सर “माहा लेंगा कुठी आहे?” म्हणून ओरडले की वहिनींच्या आधी शेवंताबाई आपल्या अंगणातून सांगायच्या, “दोरीवर हाय, सर, वाळला नाही अजून.” सर त्यांचे आभार मानून ओला लेंगा घालून शाळेत यायचे.

आम्ही हसायचो. पण त्यातली खरी अडचण माझ्या लक्षात आली ती त्या मोकळ्या भिंतीमुळे. नवरा-बायकोत भाजी आणि लेंग्यापलीकडे बोलायचं काहीतरी असतंच, आणि ते ओरडून बोलता येत नाही. पूर्वी दिवा मालवल्यावर पलीकडून बराच वेळ हळू आवाज यायचे. ते बंद झाले. ओरडून सांगता येण्यासारखं नव्हतं ते सरांनी सांगणंच सोडून दिलं होतं. मग ते माझ्याकडे येऊन ट्रान्झिस्टरबद्दल बोलत बसायचे. बोलणं कुठेतरी जायला हवंच.

सरांनी नागपूरहून कानाचं यंत्र आणलं होतं. गळ्यात अडकवायची डबी आणि तिच्यातून कानात गेलेली तार. ते दिवाळीत आणलं आणि चाललं. वहिनींना चक्क विहिरीवरचा रहाट ऐकू आला, त्या गल्लीभर सांगत फिरल्या. होळीपर्यंत यंत्र कुरकुरायला लागलं, चैत्रात शिट्ट्या मारायला लागलं आणि पुढे गप्पच झालं. सर ते घेऊन नागपूरला गेले. दुकानदारानं वाळ्याच्या ओल्या पडद्यामागे बसून लावून पाहिलं तर उत्तम चालत होतं. आसेगावला आणलं की पुन्हा मुकं. वहिनींनी ते जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं आणि त्यानंतर त्यांनी त्याचं नाव काढलं नाही.

सरांनी पोस्टानं ट्रान्झिस्टरच्या माहितीचं पुस्तक मागवलं. त्यात प्रत्येक दाण्याचे आकडे होते, आणि प्रत्येक पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे आकडे पंचवीस अंशांचे आहेत. सर ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मी आंघोळीला निघालो होतो. “पंचवीस,” ते म्हणाले. “गावंडे सर, आपल्या इथं पंचवीस कधी असते? पौषात, सकाळी धा-अकराले. मंग बाकीचं वरीसभर ह्या दाण्यानं काय कराव?” पुस्तकातला ट्रान्झिस्टर थंड मुलखात राहतो, आसेगावच्या उन्हात त्याला गळती लागते, कोणी काही बोललं नसताना तो आपणहून बडबडतो आणि शेवटी बसतो, असं त्यांचं निदान होतं. पुस्तकातलं मॉडेल इथं लागू नाही. आसेगावचं मॉडेल आपल्यालाच करावं लागेल. “आपल्यालाच” मधला दुसरा माणूस कोण हे मला तेव्हा कळलं नाही.

मग सुरू झालं ते तीन उन्हाळे चाललं. जुन्या रेडिओंतून काढलेले, अकोल्याहून आणलेले दाणे एकेक करून सावलीत मोजायचे, चुलीजवळ मोजायचे, टिनावर मोजायचे. थंड आकडा हवा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पिण्याच्या पाण्याच्या माठात सोडायचे. एकदा वहिनींना पाणी काढताना पिशवी दिसली. पाय असलेली वस्तू पाण्यात पाहून त्यांनी माठासकट अंगणात ओतली. “ते किडे नव्हते वं!” ही सरांची आरोळी शाळेच्या मैदानापर्यंत गेली. आम्ही दोघांनी चिखलात बसून दाणे वेचले. वहिनी दारात उभ्या राहून मोठ्यानं म्हणत होत्या की मास्तर लोकाईले सुट्ट्या देऊच नये. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे त्याही ओरडूनच बोलायच्या.

एका नंबरचे दोन दाणे कधी सारखे निघत नसत. म्हणून सरांनी त्यांना नंबराऐवजी शाळेतल्या माणसांची नावं दिली. हेडमास्तर थंडीत फार कामाचे होते आणि चैत्रातच फितूर झाले. ड्रॉइंगचे मास्तर कोणत्याच हवेत धड नव्हते. मला राहवेना, मी माझी चौकशी केली. “गावंडे आहे ना,” सर म्हणाले. “गेन, म्हंजे आवाज वाढवाची ताकद, कमी आहे. पन उन्हात डगमगत नाही.” याचा राग मानावा की आनंद, हे मला ठरवता आलं नाही. घरी सांगितलं तर आमच्या मंडळींनी पहिला भाग तेवढा खरा आहे असं मत दिलं.

तिसऱ्या वर्षी अकोल्याच्या रेडिओवाल्यानं सिलिकॉनचे नवे दाणे दिले आणि सांगितलं की यांना उन्हाचं काही नाही, डोळे मिटून लावा. मला वाटलं, सुटलो. सरांनी दोन वर्षांचे आलेख बाजूला ठेवले, नवा कागद घेतला आणि शिडी टिनाला लावली. त्या दिवशी शिडीवर माझी सहनशक्ती संपली. मी म्हटलं, सर, एकदाचा डाग द्या आणि लावून पाहा. चाललं तर चाललं, नाही तर पुन्हा करू, त्यात काय बिघडतं?

सरांनी मीटरचा आकडा कागदावर उतरवून घेतला. मग म्हणाले, “एक डाव तिले आयकू आलं आन गेलं. तवा ती काही बोलली नाही. पन दुसऱ्यांदा असं झालं ना सर, तं मी ते पाहू शकनार नाही. कागदावर कितीकबी डाव चुकलं तरी तिले समजत नाही.” मी थर्मामीटर पुन्हा दाण्याला लावला. त्यानंतर मी कुरकुर केली नाही असं नाही, पण मनातल्या मनात केली.

अखेर कागदावर चाललं. पंचवीसला चाललं, पस्तीसला चाललं, पंचेचाळीसलाही चाललं. सरांनी डाग दिले, साबणाच्या डबीत नव्या यंत्राची जोडणी बसवली. बुद्ध पौर्णिमा जवळ आली होती. विहारातल्या मंडळींनी सुचवलं की त्या दिवशी वंदना झाल्यावर वहिनींच्या कानाला लावा, दिवस चांगला आहे. सरांनी विचारलं, त्या दिवशी ऊन किती असेल? आभाळ येऊन हवा थंड झाली तर त्या परीक्षेला अर्थ नाही. पौर्णिमा ढगाळच गेली. पुढे चार दिवसांनी अशी दुपार आली की गल्लीत कुत्रंही दिसेना. सरांनी मला हाक मारली.

आतल्या खोलीत टिनाची भट्टी झाली होती. मी दारापाशी पाऱ्यावर नजर ठेवून उभा होतो. सरांनी डबी वहिनींच्या गळ्यात घातली, तार कानात बसवली, बटण फिरवलं. वहिनींना काही अपेक्षा दिसत नव्हती, नवऱ्याचा हट्ट पुरवायचा म्हणून बसल्या होत्या. मी पारा पंचेचाळीसला पोचल्याची खूण केली. ओठ पाहून वहिनी ओळखतील म्हणून सर भिंतीकडे तोंड करून, पाठ फिरवून उभे राहिले. ते आता एक, दोन, तीन असं काहीतरी म्हणणार असं मला वाटलं. ते बोलले, पण इतकं हळू की दोन हातांवरून मला एक शब्द कळला नाही. बरंच बोलले. त्यांची पाठ हलत होती.

वहिनी ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून ते मला दिसत होतं. मग त्या बोलल्या, नेहमीसारख्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा.

“हे येवढे दिवस मनात धरून बसले तुमी? मी कान वाजतात म्हनलं तवा तुमीच म्हनलं, अर्ध्यात सोडू नको, सुया पुऱ्या घे. मंग? त्या सुयाईनंच तं वाचली मी.”

आणि त्या एकदम थांबल्या. त्यांनी हात तोंडावर नेला. “माय वं,” त्या म्हणाल्या, “मी येवढ्या जोरानं बोलते?”

सर अजून भिंतीकडेच तोंड करून उभे होते. वहिनी उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि पुन्हा बोलू लागल्या, पण आता आवाज खाली आला होता, मग आणखी खाली आला, आणि मला काही ऐकू येईना. मी थर्मामीटर खिशात घातला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

समोरच्या अंगणात, उन्हाची पर्वा न करता, शेवंताबाई कान देऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “काय झालं, सर? चाललं काय?”

मी म्हटलं, चाललं.

“मंग आवाज काहून नाही येऊन राह्यला?”

मी म्हटलं, आता येणार नाही. आणि माझ्या खोलीत जाऊन, मधली भिंत अपुरी म्हणून, त्या भर दुपारी पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपलो.