अंबाडीचं वाण

बंडूजींनी त्या दिवशी फक्त एवढंच ठरवलं होतं, की अंबाडीची बोंडं गाईला घालायची नाहीत. एवढ्याशा निर्णयापायी बायकोचं अध्यक्षपद जायची वेळ येईल हे त्यांना कळलं असतं, तर बोंडंच काय, त्यांनी स्वतःची मफलरसुद्धा गाईला घातली असती.

बंडूजी वर्ध्याच्या एका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि सिंदी मेघेतल्या आपल्या घरी बसले. नुसते बसले असते तर घरावर उपकारच झाले असते. पण मूळ गाव तळेगाव, बाप-आजा शेतकरी, तेव्हा 'शेती आपल्या रक्तातच आहे' असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. (रक्तात होती ती रक्तातच राहिली, हातात काही उतरली नाही, ही गोष्ट वेगळी.) शेजारच्या रिकाम्या प्लॉटचा मालक नागपूरला राहायचा. त्याला फोन करून बंडूजींनी परवानगी मिळवली, कुदळ आणली, टोपी आणली आणि वाफे पाडले. फुलकोबी आली ती लिंबाएवढी. वांग्यांत बंडूजींच्या आधी अळ्या जेवून गेल्या. मेथी गाईनं खाल्ली, टमाटर माकडांनी नेले. उरली अंबाडी, कारण ती बंडूजींनी लावलीच नव्हती. बी कुठूनतरी येऊन पडलं आणि कोणी लक्ष दिलं नाही म्हणून माजलं.

घरात अंबाडीशिवाय दुसरं काही शिजेना. शेवटी वच्छलाबाईंचा संयम सुटला.

"सकाळी अंबाडीची भाजी, संध्याकाळी अंबाडीची भाजी, मंधात चटणी! माहे दात आंबले वो. आता एक जरी बोंड घरात दिसलं ना, तं तुमालेच त्या प्लॉटवर झोपाले पाठवीन."

"मंग या बोंडाईचं का करू?"

"गाईले घाला."

इथेच बंडूजींचा स्वाभिमान दुखावला. त्या प्लॉटवर आलेलं हे एकमेव पीक, आणि तेही गाईला? त्यांनी मोबाइलवर शोध घेतला आणि ठरवलं, की शरबत करायचं. शरबत करायचं म्हणजे बोंडं उकळायची, गाळायची, साखर घालायची, हे वर्ध्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण एका व्हिडिओतल्या दाढीवाल्या माणसानं सांगितलं होतं, की उकळलं की जीवनसत्त्वं मरतात. बंडूजींना कोणाचं मरण बघवत नसे. त्यांनी बोंडं चिरली, गूळ आणि आलं घातलं, चिनी मातीच्या बरणीत पाणी ओतलं, वरून फडक्याचा दादरा बांधला आणि बरणी गच्चीवर उन्हात ठेवून दिली.

चार दिवसांत बरणीतून बुडबुडे यायला लागले. मग फेस आला. कान लावला की आतून बारीक आवाज यायचा. बंडूजी हरखले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून काहीतरी जिवंत झालं होतं.

इकडे संक्रांत आली. आणि वच्छलाबाईंच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे साधंसुधं नव्हे. त्या कॉलनीच्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. आपल्या जिल्ह्यात दारूला बंदी आहे; म्हणजे दुकान नाही एवढंच, ज्याला पाहिजे त्याला पत्ता पाठ असतो. वच्छलाबाईंनी कॉलनीमागच्या गल्लीतला असाच एक पत्ता बायकांची फौज नेऊन बंद पाडला होता. टेम्पोवाल्या प्रेमदासची बाटली त्यांनीच सोडवली होती. चारचौघांत बोलताना जिचा आवाज कापायचा, ती बाई आता माइक हातात घेऊन बोलायची. बंडूजींना याचा फार अभिमान होता. तो त्यांनी बायकोला कधी बोलून दाखवला नाही, हा मात्र निव्वळ गाढवपणा.

"यंदा वाण काय देऊ म्हंते मी? दरवर्षी तेच प्लास्टिकचे डबे," वच्छलाबाई म्हणाल्या.

"शरबत दे," बंडूजी म्हणाले. "घरचं. बाटलीत भरून, कागदात गुंडाळून. बायका वर्षभर नाव काढतील."

वच्छलाबाईंना तयारीची घाई होती. त्यांनी बोटभर चाटून पाहिलं, चव आंबटगोड लागली, आणि त्या हो म्हणाल्या. घाईत दिलेला होकार आणि घाईत नेसलेलं लुगडं कुठे सुटेल सांगता येत नाही.

बाटल्या बंडूजींनी भंगारवाल्याकडून आणल्या. छोट्या, चपट्या, अगदी हातात मावतील अशा. दारूबंदीच्या जिल्ह्यात तसल्या बाटल्यांचा एवढा ढीग कुठून आला, हा प्रश्न कोणालाही पडला असता. बंडूजींना पडला नाही. त्यांनी त्या गरम पाण्यानं धुतल्या, शरबत भरून झाकणं गच्च लावली, सोनेरी कागदात गुंडाळल्या आणि वरून लाल फीत बांधली.

हळदीकुंकवाला बैठकीत बायका मावेनात. पुरुषांना तिथे मज्जाव, म्हणून बंडूजी स्वयंपाकघरातून ग्लास भरभरून पाठवत होते आणि पडद्याआडून परिणाम बघत होते. मंडळाच्या उपाध्यक्ष रुख्माबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. उपाध्यक्षपद त्यांच्या घशाखाली कधी उतरलं नव्हतं, शरबत मात्र सुरेख उतरलं. त्यांनी दुसरा ग्लास मागितला. मग तिसरा.

"तिखट लागते माय थोडं. नाकात जाते," त्या म्हणाल्या.

"अद्रक हाये," वच्छलाबाई कौतुकानं म्हणाल्या. "आमच्या यांनी केलं."

हळूहळू बैठकीतला आवाज वाढला. एकीला तिळगुळाच्या वडीचं हसू आलं, ती हसली म्हणून दुसरी हसली. लग्नापासून उखाणा घ्यायचा तर ज्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं, त्या रुख्माबाई पदर खोचून आपणहून उभ्या राहिल्या.

"अंबाडीच्या शरबताले गुळाची गोडी,
किसनराव घोरतात जशी कोळशाची मालगाडी!"

छप्पर उडायचं बाकी राहिलं. पडद्याआड बंडूजींचे डोळे भरून आले. कचेरीत अख्खी हयात गेली, पण त्यांच्या कामावर अशा कोणी टाळ्या पिटल्या नव्हत्या.

तेवढ्यात मागच्या दारानं प्रेमदास आला. भाड्याच्या खुर्च्या त्यानंच टेम्पोतून आणल्या होत्या. बंडूजींनी मोठ्या मनानं त्याच्यापुढे ग्लास केला. प्रेमदासनं तो नाकाशी नेला आणि साप दिसावा तसा मागे सरला.

"काकाजी, काऊन गरिबाची परीक्षा पाहून राह्यले? काकूले वचन देल्लं हाये म्या."

"अरे, शरबत हाये!"

"काकाजी," प्रेमदास आवाज खाली आणून म्हणाला, "या विषयात माहा अभ्यास तुमच्यापेक्षा जास्त हाये. कडक नाई. पन हाये."

बंडूजींनी बैठकीकडे पाहिलं. वच्छलाबाई सोनेरी कागदातल्या बाटल्या एकेकीच्या ओटीत घालत होत्या, दारूबंदीच्या अध्यक्ष, स्वतःच्या हातानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन बाटल्या परत आणायला निघाले. पण वाण एकदा दिलं की परत मागत नाहीत, हे त्यांना पहिल्याच दारात ऐकावं लागलं. रुख्माबाईंच्या फाटकाशी किसनराव उभे होते. एरवी बंडूजींना बघून पेपर तोंडापुढे धरणारा हा माणूस, त्यानं आज चक्क हात धरला.

"बंडूजी, आपल्याले माहीत नोतं तुमी येवढे पोचलेले! एक अजून भेटन का?"

पुढच्या चौकापर्यंत आणखी दोघांनी नमस्कार घातला. बंडूजी घाबरलेले होते, हे खरं. पण खोटं कशाला बोला, छातीही थोडी फुगली होती.

घरी पोचेपर्यंत रुख्माबाई येऊन गेल्या होत्या. जाताना त्यांनी कागद सोडलेली बाटली टेबलावर ठेवली होती. कागदाखाली कसली बाटली होती हे ओळखायला वच्छलाबाईंना वास घ्यायची गरजच नव्हती; असल्या बाटल्या त्यांनी पोत्यानं फोडल्या होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या खुर्चीत बसून होत्या, आणि त्यांचा आवाज पूर्वीसारखा कापत होता.

"दुपारी मंदिरात मीटिंग लावली त्याईनं. माहा राजीनामा मांगून राह्यल्या. मी लोकाईच्या घरातल्या बाटल्या फोडत फिरली, अन् माह्याच घरातून..."

बंडूजींना तेव्हा जे वाटलं ते साधं होतं: आपण मेलो असतो तर बरं झालं असतं.

दुपारी मंदिराच्या ओसरीत बायका सतरंजीवर बसल्या होत्या. काल हसलेल्या सगळ्याजणी आज गंभीर होत्या. (डोकंही दुखत असावं.) वच्छलाबाई अध्यक्ष म्हणून पुढे, खाली मान घालून. जाब द्यायला बोलावलेले बंडूजी एका कोपऱ्यात. रुख्माबाईंनी बाटली सगळ्यांना दाखवली.

"बंडूजी, आता खरं खरं सांगा. हे तुमी जाणूनबुजून बनवलं का?"

बंडूजी उभे राहिले. रस्त्यानं येताना त्यांनी भाषण तयार केलं होतं. त्यात जीवाणू होते, पचनशक्ती होती, दाढीवाला माणूस होता. एकदा वाटलं, छाती काढून सांगावं, हो, मीच केलं! बाहेर पायरीवर किसनराव, प्रेमदास आणि चारदोन पुरुष कान टवकारून उभे होते. त्यांच्या नजरेत तो आदर अजून ताजा होता. पण मग वच्छलाबाईंनी मान वर केली. आणि बंडूजींनी भाषण गिळलं.

"नाई जी," ते म्हणाले. "बनवता आलं असतं तं बनवलं म्हंटलं असतं. मले काही येतच नाई. शरबत कराले गेलतो, ते बिघडलं. कोबी केली ते बिघडली. वांगे बिघडले. कचेरीतबी मी लिवलेलं साहेब दुसऱ्याकडून लिवून घे. वच्छलाची यात काहीच चूक नाई. तिची चूक येकच, तिनं माह्यावर भरोसा ठेवला."

बाटल्या कुठून आणल्या, हेही त्यांनी सांगून टाकलं. तसल्या बाटल्या पाहूनही डोक्यात काही आलं नाही, हे ऐकून दोन-तीन बायकांनी 'बिचारा' म्हणून मान हलवली. रुख्माबाईंनी बंडूजींना टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. तीस वर्षं शेजारी राहत होत्या त्या. त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"हे मातर पटते," त्या म्हणाल्या. "दारू गाळाले बी अक्कल लागते." त्या सभेकडे वळल्या. "बायाहो, बंडूजीले कशातलंच काही येत नाई, म्हनून वच्छलाताईचा दोष नाई, असं ज्याईले वाट्टे त्याईनं हात वर करा."

एवढं मोठं बलिदान दिल्यावर निदान थोडी चर्चा होईल, एखादी म्हणेल की अगदीच तसं नाही, अशी बंडूजींना आशा होती. पण वाक्य पुरं व्हायच्या आत सतरंजीवरचे सगळे हात वर गेले. बाहेर पायरीवर प्रेमदासचा गेला, आणि थोडा विचार करून किसनरावांचाही.

अध्यक्षांना मत द्यायचा अधिकार नसतो. तरी वच्छलाबाईंनी दोन्ही हात वर केले होते.