आप्पांची चैत्री प्रोसेस

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आमची सगळी डिंडोली वस्ती अंगावरचा रंग घासून काढत असते, तेव्हा आमचे शेजारी सुपडूआप्पा अंगाची प्रोसेस बदलतात. थंडीतलं तिळाचं तेल फडताळात जातं आणि मुलतानी माती, दही, गुलाबपाणी ओट्यावर येतं. वय साठीला टेकलेलं, चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा. पण ऋतू बदलला की त्वचेचं धोरण बदललंच पाहिजे, यावर माणूस ठाम.

मूळचे शिरपूरकडचे आप्पा तीस वर्षं इथल्या डाईंग मिलमध्ये कापड रंगवत आलेले. "चामडीबी कापडच शे," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. आंघोळ म्हणजे धुलाई, दही म्हणजे ब्लीच, वर खोबरेलाचा थेंब म्हणजे फिनिशिंग. मिलमध्ये सॅम्पल पास झाल्याशिवाय लॉट टाकत नाहीत, म्हणून प्रत्येक लेप आधी दुसऱ्या कुणावर तरी लागतो. दुसरं कुणी म्हणजे मी. यंदा माझा डावा हात तीन छटांत होता. लेप वाळला की आप्पा त्यावर पांढरा रुमाल घासून बघत आणि "पास शे" किंवा "रिजेक्ट" एवढंच बोलून निघून जात. मला खाज सुटली का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

यंदाचा जोर भलताच होता, कारण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची लेक वंदना माहेरी येणार होती. गेल्या वर्षी तिची तान्ही आप्पांनी उचलली, तर त्यांचे खरखरीत तळवे टोचून ती अशी रडली, की आप्पांनी तिला पुन्हा हात लावला नाही. काकू गेल्यापासून घरात एकटा माणूस. "औंदा पोर मनाजोडे येवाले जोयजे," नातीने जवळ यावं, एवढंच ते म्हणाले.

मग दीड महिना हा गृहस्थ तळव्यांना दही चोळून, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून भरदुपारी ओट्यावर बसला. ड्युटी बदलली म्हणे. गल्लीने यथेच्छ टिंगल केली, त्यात माझा वाटा सगळ्यांत मोठा.

आखाजीला मी पुरणपोळीच्या आमंत्रणावरून गेलो. पोर दुडुदुडु आली, आप्पांच्या मांडीवर चढली आणि त्यांचं बोट धरून झोपी गेली. "जपनी," आप्पा कुजबुजले; श्वाससुद्धा ते बेताने घेत होते.

वंदनाने कौतुकाने त्यांचा दुसरा हात हातात घेतला, तळवा उलटा-सुलटा पाहिला. घट्टे गेलेले. नखांच्या कडेला जन्मभर असलेली रंगाची निळी रेघही नाही. ती हसायची थांबली.

"आप्पा, काम सुटनं का?"

मी खाली बघितलं. ज्या मऊ तळव्यांचं श्रेय मी दह्याला देत होतो, त्यांचं कारण मला कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"संक्रांतपासून," आप्पा म्हणाले. "हळू बोल. पोर जपेल शे."