मुकादमचाचांची गाडी थांबते

"ढकलू नकोस! हात काढ! अरे, हात काढ म्हणतो ना, तिला हुकूम आहे!"

ही आरोळी एवढी जबरदस्त होती की जॉन्सनव्हिलच्या चढावर खोळंबलेल्या बसच्या काचा थरथरल्या आणि खाली वेलिंग्टनच्या बंदरात एका बोटीने भोंगा समजून नांगर उचलला. मी एका जुन्या राखाडी गाडीच्या पाठीला खांदा लावून उभा होतो. माझ्या मागे बस, बसच्या मागे पाच-सहा गाड्या, आणि त्यांच्या मागे वेलिंग्टनचा वारा. ढकलण्याचं काम मनापासून करणारा तेवढाच एक.

"चाचा, लोक ताटकळलेत!"

"दोन मिनिटं थांबले तर काय इमारत कोसळणार नाय," असं म्हणत मुकादमचाचा गाडीतून उतरले, गाडी माझ्यावर सोडली आणि समोरचं फाटक उघडून केविन नावाच्या म्हाताऱ्या गोऱ्याची बेल दाबली. दार उघडल्यावर त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. "कार स्टॉप. टी?" केविनने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दार पूर्ण उघडलं.

याला आता काही वर्षं झाली. पुढे चाचांचा मुलगा सलीम ऑस्ट्रेलियाला गेला आणि चाचांना घेऊन गेला. आमच्या चढावरची वाहतूक तेव्हापासून कशी सुरळीत चालते. मला ती मुळीच आवडत नाही.

उस्मान मुकादम मूळचे हर्णैचे. उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेलं. भर समुद्रात बंद पडलेलं, तीन मजली इंजिन या माणसाने हातोडीच्या एका ठोक्यात चालू केल्याचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, आणि दर वेळी त्या इंजिनाला एक मजला वाढलेला असे. पण आपल्या या टीचभर गाडीचं बॉनेट उघडताना त्यांना कुणी पाहिलं नाही. ती थांबली की चाचा फक्त आकाशाकडे बोट करत. "तिला हुकूम आहे."

हे वाक्य उसनं होतं, आणि कुठून उसनं घेतलंय ते चाचा ऐकवल्याशिवाय सोडत नसत.

"ऐकून तर घे. हुजूर मक्का सोडून मदिन्याला आले," चाचा सुरू करत. हुजूर म्हणजे पैगंबर; नाव घेताना हात छातीवर, डोळे क्षणभर मिटलेले, ओठांत दुरूद, त्यांच्यासाठीची दुआ. "सगळं गाव रस्त्यावर. जो तो उंटिणीचा लगाम धरतो नि म्हणतो, आमच्याकडे उतरा. आता एकाकडे उतरावं तर दुसऱ्याचं मन मोडणार. हो की नाय? मग हुजूर काय म्हणाले? तिची वाट मोकळी सोडा, तिला हुकूम आहे. ती चालत गेली, चालत गेली, नि एका मोकळ्या जागेत जाऊन बसली. खजूर सुकवायची जागा. आपल्याकडे खळ्यात सुपारी सुकवतात ना, तशी. कोणाची जागा? दोन पोरक्या पोरांची! फुकट देत होती, हुजूरांनी मोल देऊनच घेतली. मशीद तिथं उभी राहिली. नि शेजारच्या अबू अय्यूबने सामान उचलून घरात नेलं, त्याच्याकडे मुक्काम. कोण रागावला? कोणीच नाय!"

मी एकदा त्यांच्या गाडीला लाडाने 'कसवा' म्हटलं. त्या उंटिणीचं ते नाव. चाचा केवढे तापले! "कसवा एकच झाली. हा आपला पत्रा. पत्र्याला पत्रा म्हण."

शनिवारी संध्याकाळी चाचांना चार घरची आमंत्रणं असत, कारण त्यांच्यासारखं सांगणारं आमच्या टेकडीवर दुसरं कोणी नव्हतं. ते कुणालाच हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत. गाडी काढत आणि तिला वाटेल तिथे थांबत. एकदा ती थेट मोटरवेच्या कडेला थांबली. पोलीस आला, इथला माओरी नमस्कार घालत म्हणाला, "किया ओरा, सर, काय झालं?" चाचांनी त्याला गुहेची गोष्ट लावून दिली. बाहेर शत्रू, आत हुजूर आणि त्यांचे सोबती अबू बक्र, दाराशी कोळ्याचं जाळं आणि घरट्यात कबुतरं. तो दंडाची पावती फाडायची विसरला. माझ्या माहितीप्रमाणे तो दुसऱ्या दिवशी उरलेली गोष्ट ऐकायला आला, येताना साहेबाला घेऊन. तिसऱ्या दिवशी, म्हणतात, चौकीला कुलूप होतं.

मेंढ्यांचा कळप दिसला की हलीमा दाईची गोष्ट निघे. हुजूर तान्हे असताना, पोरकं बाळ म्हणून ज्याला कोणी दाई घेईना, त्याला हलीमाने पदरात घेतलं, आणि दुष्काळात तिच्या मेंढ्या भरल्या कासेने घरी येऊ लागल्या. "नि या बघ," चाचा इथल्या गुबगुबीत मेंढ्यांकडे नाराजीने पाहत, "काही न करता माजलेल्या."

एक वर्ष मात्र ते सांगत नसत. पहिला संदेश उतरल्यावर हीरा गुहेतून हुजूर थरथरत घरी आले आणि त्यांच्या पत्नी खदीजाबीबींनी त्यांना पांघरुणात गुंडाळलं, धीर दिला, हे चाचा इतकं हळू सांगत की वारासुद्धा बसून ऐके. पण खदीजाबीबी गेल्या ते वर्ष आलं की म्हणत, "त्या वर्षाचं राहू दे," आणि गोष्ट उडी मारून मदिन्याला. चाचांची बायको हर्णैला वारली तेव्हा चाचा बोटीवर होते, हे मला सलीमकडून कळलं होतं.

त्याच सुमाराला माझी आई आमच्याकडे आली. आईचं माहेर दापोलीचं. आम्ही सगळे सकाळी कामाला, नात शाळेत. आई दिवसभर खिडकीत. "इथं माणसं राहतात की नुसती घरंच?" हा तिचा रोजचा प्रश्न. एके दिवशी चाचांची गाडी भरदुपारी आमच्या दाराशी थांबली. पहिल्या खेपेला आईने चहा उंबऱ्यातूनच दिला. दुसऱ्या खेपेला खुर्ची दिली. पुढे पुढे संध्याकाळी घरी गेलो की डब्यात आंबोळ्या कमी आणि आईच्या तोंडी हर्णैचं दीपगृह, दापोलीचा बाजार. मी एकदा लवकर घरी आलो तर आतून चाचांचा आवाज ऐकू आला. ते तेच, न सांगायचं वर्ष सांगत होते. मी जोडे हातात घेऊन दाराबाहेरच उभा राहिलो. सांगून झालं. मग आई म्हणाली, "चहा गार झाला, मुकादम. दुसरा करते."

आणि नेमका तेव्हाच सलीमने गाडी भंगारात घालायचं ठरवलं.

"अब्बा कुठल्या तरी उतारावर थांबतील आणि मागून ट्रक येईल," तो म्हणाला. चुकीचं काहीच बोलत नव्हता. "गॅरेजवाला नुसतं 'शी'ल बी राइट', होईल सगळं ठीक, म्हणतो. निखिल, तू इंजिनिअर आहेस. चालवून बघ आणि अब्बांसमोर सांग. तुझं ऐकतील."

गाडी गेली की चाचा घरात बसणार. आमच्या चढावर पायी फिरायचं तर वाऱ्याने ऐंशी वर्षांच्या माणसाला थेट चिलीत नेऊन उतरवलं असतं.

शनिवारी मी तो पत्रा घेऊन निघालो. घाट चढलो, उतरलो, सिग्नलला थांबलो, मुद्दाम आचके दिले, गिअर चुकवले. गाडी लोण्यासारखी चालत होती. एकदाही थांबली नाही. परतताना मी ती आजवर कुठेकुठे थांबली ते मनात आठवत आलो. केविन: बायको गेल्यावर आठवड्याभरात. कोपऱ्यावरची फिलिपिनो नर्स: तिला सणाला रजा मिळाली नाही त्या दिवशी. डेअरीवाल्या पटेलांकडे: त्यांचा मुलगा घर सोडून गेला तेव्हा. आणि आमचं दार, भरदुपारी. चार भांड्यांत बिर्याणी शिजलेल्या घरासमोर ती कधीच थांबली नव्हती.

सलीम दाराशी उभा होता. चाचा कुंपणाशी, कोटाचं एकच बटण लावत आणि काढत. खरं सांगितलं असतं तर गाडी वाचली असती, पण पुन्हा कुठल्याच दाराशी थांबू शकली नसती.

"बिघाड आहे," मी म्हणालो. चाचांचा हात बटणावरच राहिला. "पण धोक्याचा नाही. उतारावर थांबत नाही, मी पाहिलं. घराबिराजवळच थांबते. असल्या जुन्या गाड्यांना असतं तसलं. विकू नकोस."

"म्हणजे, थांबतच राहणार?"

"थांबतच राहणार."

सलीमने कपाळाला हात लावला. चाचा कुंपणाला म्हणाले, "पोरगा शिकलेला आहे हो," आणि किल्ली घेऊन निघून गेले.

संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती. तिला वाईट वाटू नये म्हणून मी शब्द फार जपून निवडले. म्हटलं, "आई, चाचांच्या गाडीत तसा काही बिघाड नाहीये."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "पहिल्या दिवशी इंजिन चालू ठेवूनच उतरले होते. मीच म्हटलं, बंद करा, पेट्रोल जातंय."